ऑटोक्रॉसला पहिल्यांदा जाताय? गाडीतली पाच मिनिटं आणि गाडीबाहेरचा अख्खा दिवस

आधी एक साधा हिशोब मांडतो. हौशी ऑटोक्रॉसमध्ये एका ड्रायव्हरला बहुतेक वेळा चार ते सहा रन, म्हणजे कोर्सच्या फेऱ्या, मिळतात, एक रन पाऊण ते एक मिनिटाचा, म्हणजे दिवसभरात तुम्ही खरोखर जोरात गाडी चालवता ती जेमतेम पाच मिनिटं. उरलेले सात-आठ तास तुम्ही पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, फिरत असता, ग्रिडवर, म्हणजे रनसाठी लागलेल्या गाड्यांच्या रांगेत, थांबलेले असता, नाहीतर उन्हात कोर्सच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन, म्हणजे केशरी शंकू, उचलत असता. आणि नवीन माणूस काळजी करतो ती फक्त त्या पाच मिनिटांची! "माझी गाडी पलटी तर होणार नाही ना", "ब्रेक फेल झाले तर" वगैरे. मी इतके इव्हेंट केले त्यात काळजात धस्स व्हावं असे प्रसंग जवळपास सगळे त्या पाच मिनिटांच्या बाहेरचे होते, त्यामुळे हा लेखही जरा तिकडेच झुकलेला आहे, गाडी कशी पळवायची ते यात फारसं सापडणार नाही.

एक खुलासा. ऑटोक्रॉस हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरत नाहीत. युरोपात एफआयए या मोटर स्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या चॅम्पियनशिपमध्ये ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवर बग्ग्यांची एकत्र रेस. आपण बोलतोय ते मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर, कोन मांडून केलेल्या कोर्सवर, घड्याळाविरुद्ध चालवायच्या ऑटोक्रॉसबद्दल. शेजारी कोणी पळत नाही, ओव्हरटेक नाही, वेग साधारण हायवेच्या आतच. जिमखाना (क्लब नव्हे, गाड्यांचा खेळ), ऑटोसोलो ही यातलीच भावंडं, थोड्याफार फरकाने सगळं लागू पडतं.

आदल्या दिवशी गाडीकडे बघा, आदल्या रात्री नाही

रात्री दहाला कळलं की पुढच्या टायरच्या आतल्या कडेची तार दिसायला लागलीय, तर करणार काय? म्हणून निदान एक दिवस आधी, उजेडात.

चाकाचे नट टॉर्क रेंचने घट्ट करा, पायाने पाना दाबून नाही. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच आकडा धरा. चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय, मग त्या गाडीने जायचंच नाही. बॅटरी हाताने हलवून बघा, ती क्लॅम्पमध्ये पक्की बसलेली हवी, नुसती जागेवर ठेवलेली असेल तर जोराच्या वळणात सरकते आणि टर्मिनल कुठेतरी पत्र्याला लागलं की ठिणग्या उडतात. अॅक्सिलरेटर दाबून सोडा, पेडल टक्कन परत आलं पाहिजे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडलवर पाय दाबून धरा, हळूहळू खाली जात असेल तर लीक किंवा मास्टर सिलिंडरची भानगड. गाडी रात्रभर उभी असलेल्या जागी सकाळी डाग दिसला तर तो कशाचा ते शोधा.

ब्रेक ऑइलबद्दल लोक उगाच फार घाबरवतात. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं आणि ओलावा धरल्यावर ती किमान मर्यादा १५५ अंशावर येते, डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. एका मिनिटाच्या रनमध्ये एवढं तापणं कठीण, हा त्रास ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर फेऱ्या मारत राहता तेव्हा, जास्त. पण एकाच गाडीवर दोघं जण चालवणार असाल, म्हणजे गाडीला गार व्हायला वेळच नाही, तर दोन-तीन वर्षं जुनं ऑइल बदलूनच घ्या.

टायरमध्ये हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली असते त्याच्यापेक्षा थोडी जास्त ठेवून सुरुवात करतात, कारण जोराच्या वळणात टायर कुशीवर लोळतो. साइडवॉलच्या वरच्या कडेला खडूने रेघा मारा, रन झाल्यावर रेघ किती पुसली गेली ते बघा, फार खाली पुसली गेली असेल तर हवा कमी आहे.

उंच गाड्यांचं काय? सांगणं वाईट वाटतं पण एसयूव्ही बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत आणि ते बरोबर आहे. गणित असं, दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा भाग घ्या आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. कारमध्ये रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर धरला तर उत्तर १.३६, उंच गाडीत रुंदी १.५५ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटर धरला तर १.११. आकडा जेवढा एकच्या जवळ, तेवढी गाडी घसरण्याऐवजी कलंडायला तयार, आणि चांगल्या ग्रिपच्या टायरवर तर जास्तच. आयोजक नाही म्हणाले तर वाद घालू नका.

सकाळी पोचल्यावर गाडी रिकामी करा, खरंच रिकामी

माझा पहिला इव्हेंट. सगळं काढलं असं मला वाटत होतं. दुसऱ्या रनला डावीकडचं लांब वळण आलं आणि सीटखालून पाण्याची बाटली गडगडत माझ्या पायाशी. नशीब की ती क्लचच्या बाजूला अडकली, ब्रेकखाली गेली असती तर पुढच्या वळणावर पेडल दाबलंच गेलं नसतं. बाटली सीटखाली आहे हे मला माहीत होतं हो, पण ती "बाहेर येणार नाही" असं मीच ठरवून टाकलं होतं.

तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा, खिळ्याने किंवा हुकने बसवलेलं असलं तरी काढा. मोबाइल होल्डर, चार्जरची वायर, आरशाला लटकवलेलं देवाचं किंवा लिंबू-मिरची, चिल्लर, गॉगल, दाराच्या कप्प्यातला सगळा कचरा. डिकीतून जॅक, पाना, आणि स्टेपनी बोल्टने घट्ट बसवलेली नसेल तर तीही. प्लॅस्टिकचे व्हीलकॅप काढा, ते उडून मार्शलच्या, म्हणजे कोर्सवर काम करणाऱ्या माणसाच्या, नडगीवर बसतात. मग सगळ्या सीटखाली हात घालून बघा. डोळ्यांनी नाही, हाताने. कॅमेरा लावायचा असेल तर स्क्रूने पक्का बसणारा माउंट आणि त्याला वेगळी दोरी, नुसत्या चिकटणाऱ्या कपवर कोणी भरवसा ठेवत नाही आणि तपासणीतच काढायला लावतात.

हे सामान उन्हापावसापासून झाकायला एक ताडपत्री किंवा झाकणाचा डबा न्या. पार्किंगच्या जागेत नीट ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेत नाही.

गेटवर एक फॉर्म सही करायला देतात, त्यात धोका मान्य आहे वगैरे लिहिलेलं असतं. तुमच्याबरोबर आलेल्या प्रत्येकाने सही करायची असते, नुसतं बघायला आलेल्यांनीसुद्धा, आणि लहान मुलांसाठी पालकांचा वेगळा फॉर्म असतो. वाचा तो. कोणी वाचत नाही, पण वाचा.

हेल्मेट आणि बसणं

१९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा एक रेसर शर्यतीत डोक्याला मार लागून गेला, हेल्मेट घातलेलं होतं पण त्याचा उपयोग झाला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मित्रमंडळींनी हेल्मेट तपासणारी स्नेल फाउंडेशन ही संस्था काढली. हेल्मेटच्या आत अस्तराखाली तिचं स्टिकर असतं, एसए किंवा एम आणि पुढे वर्ष, जसं एसए२०२०. एसए कारसाठी, त्याचं अस्तर लवकर पेट घेत नाही आणि रोल बारवर, म्हणजे गाडी पलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी सांगाड्यावर, पुन्हा पुन्हा आपटण्याची वेगळी चाचणी असते. एम मोटरसायकलसाठी. बऱ्याच हौशी इव्हेंटमध्ये दोन्ही चालतात पण किती जुनं वर्ष चालेल हे त्या त्या आयोजकाचं वेगळं, आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी उसनी हेल्मेटं असतात, त्याखाली घालायची पातळ टोपी तेवढी आपली न्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसो, आतला फोम दबलेला असतो आणि तो दुसऱ्यांदा दबत नाही, ते बाद.

साइज कसा बघायचा? घालून पट्टा बांधा आणि कोणाला तरी हेल्मेट हलवायला सांगा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे.

बसताना ढुंगण सीटच्या अगदी मागे टेकवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदे सीट न सोडता. पण एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यात निदान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. हात सव्वानऊला, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. साधा सीटबेल्ट जोराच्या वळणात सैल वाटतो, त्यावर जुनी युक्ती म्हणजे सीट एक-दोन खाचा मागे घ्यायची, बेल्ट लावून झटका देऊन लॉक करायचा आणि तो तसाच लॉक ठेवून सीट पुढे घ्यायची. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. आणि पुढे घेतलेली सीट खाचेत नीट बसली का ते मागेपुढे रेटून बघा, भर कोर्सवर सीट सरकली तर पाय पेडलवरून सुटतो.

बूट पातळ तळाचे, बंद. चप्पल-सँडलवर कोर्सवर कोणी सोडत नाही, मार्शल म्हणून उभं राहतानाही नाही.

तपासणी

याला कुठे टेक म्हणतात, कुठे स्क्रुटिनी. तपासणारा माणूस बोनट उघडायला सांगतो, चाकं हलवतो, पेडल दाबतो, हेल्मेटचं स्टिकर बघतो. काही लोक इथे चिडतात, "रोज चालवतो मी ही गाडी" म्हणतात. तो बिचारा फुकट सकाळी सहाला आलेला असतो. त्याने काही काढलं तर दुरुस्त करून परत दाखवा, आणि तुम्हाला स्वतःला काही शंका असेल तर लपवू नका, उलट त्यालाच विचारा, फुकटात जाणकार माणूस गाडी बघून देतोय.

कोर्स पायी चालणं

निदान तीन वेळा. पहिल्या फेरीला सगळे घोळक्याने गप्पा मारत चालतात, त्यातून डोक्यात काहीच राहत नाही. दुसरी फेरी एकट्याने. तिसरीला अधूनमधून खाली वाकून, गाडीत बसल्यावर डोळे जिथे असतात तेवढ्या उंचीवरून बघा, कारण उभ्याने स्वच्छ दिसणारा रस्ता खाली बसलं की नुसतं केशरी कोनांचं जंगल होतं. आडवा पडलेला कोन म्हणजे बाण, त्याचं टोक ज्या उभ्या कोनाकडे आहे त्याच्या कोणत्या बाजूने जायचं ते तो सांगतो.

लाइन, म्हणजे गाडी कोर्सवर नेमकी कुठून न्यायची, वगैरे सगळे बघतात. तुम्ही त्याच्याशिवाय या गोष्टी बघा:

- प्रत्येक वळणावर गाडी हातातून सुटली तर कुठे जाईल? तिथे दिव्याचा खांब, फुटपाथची कड, गटाराची जाळी, खड्डा, मैदान संपून माती सुरू होते अशी जागा काय आहे? आडवी घसरणारी गाडी नुसत्या डांबरावर सहसा कलंडत नाही, तिला अडायला कड किंवा माती लागते.
- मार्शल कुठे उभे राहणार आहेत, लाल झेंडा तुम्हाला कुठून कुठून दिसेल.
- फिनिशची लाइन कुठे आणि त्यानंतर थांबायची जागा किती लांब.

हा तिसरा मुद्दा. ६० च्या वेगाने, कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर गाडी ब्रेक दाबल्यापासून सोळा मीटरच्या आसपास थांबते, १०० ने असाल तर चव्वेचाळीस मीटर, आणि तुम्ही ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर केला तर १०० च्या वेगात अजून अठ्ठावीस मीटर. वेग दुपटीलाही पोचला नाही आणि अंतर पावणेतीनपट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. फिनिशला माणसाचं लक्ष टायमिंगच्या बोर्डाकडे जातं, "किती आलं, किती आलं", आणि पाय अॅक्सिलरेटरवर तसाच. मी एकाला असाच थेट ग्रिडच्या दोरीपर्यंत गेलेला पाहिलाय, कोणाला काही झालं नाही पण पलीकडे खुर्च्या टाकून लोक बसले होते. बोर्ड कुठे पळून जात नाही. स्टिअरिंग सरळ, ब्रेक, गाडी पूर्ण थांबली, मग बघा.

कोर्समध्ये काही धोकादायक वाटलं, समजा वेगवान भागाच्या बाहेरच्या बाजूलाच टायमिंगची गाडी उभी आहे, तर सेफ्टी बघणाऱ्या माणसाला सांगा. नवीन आहे म्हणून गप्प बसू नका. मांडणी करणाऱ्याने तो कोर्स पन्नास वेळा बघितलेला असतो त्यामुळे त्याला ते दिसेनासं होतं.

ड्रायव्हर्स मीटिंग

मोबाइल खिशात ठेवून ऐका. कोन पडल्यावर किती सेकंद दंड, कोणत्या बाजूने कोर्सवर शिरायचं, लाल झेंडा दाखवल्यावर काय, पाऊस-वीज आली तर काय, हे सगळं तिथे सांगतात आणि दर ठिकाणी थोडं वेगळं असतं. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या सोलो नियमांत एका कोनाला २ सेकंद दंड आहे, आणि कोनाभोवती आखलेल्या चौकटीच्या पूर्ण बाहेर तो सरकला किंवा आडवा झाला तरच दंड, नुसता हलून चौकटीला चिकटून उभा राहिला तर नाही. पहिल्यांदा आलेले हात वर करा म्हणाले तर करा. त्यात लाज कसली, त्यामुळेच कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी बसायला मिळतो.

ग्रिड, स्टार्ट आणि रन

ग्रिडवर वेळेत जागेवर या. तुमच्या पुढच्या तीन-चार गाड्या राहिल्या की गाडीत बसलेलं, बेल्ट लावलेलं, हेल्मेट घातलेलं असायला हवं. काचा पूर्ण वर की पूर्ण खाली ते मीटिंगमध्ये सांगितलं असेल तसं. ग्रिडमध्ये चालण्याच्या वेगाने, कारण तिथे माणसं दोन गाड्यांच्या मधून वाकून टायरची हवा बघत असतात. टायर गरम करायला चाकं फिरवणं, डावीउजवीकडे लहरत जाणं हे बिलकुल नाही.

स्टार्टर हात दाखवतो तेव्हा तो "पळ" असं म्हणत नसतो, कोर्स मोकळा आहे एवढंच सांगत असतो. वेळ तुमची लाइन ओलांडल्यावर सुरू होते. एक खोल श्वास घ्या, पुढे नजर टाका, मग निघा.

पहिला रन सत्तर टक्क्यांनी. मला माहितीय कोणी ऐकत नाही. पण पहिल्या रनचं काम एकच, कोर्स न चुकता शेवटपर्यंत जाणं. गाडीचं स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालू ठेवा, सुरुवातीचे काही इव्हेंट तरी, कोणी हसलं तर हसू दे.

गाडी फिरायला लागली आणि सावरत नाही असं वाटलं की दोन्ही पाय दाबा, क्लच आणि ब्रेक, पूर्ण, आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. ब्रेक अर्धवट सोडला आणि चाकं वळलेली असली तर टायर एकदम पकड घेतो आणि गाडी चाकं जिकडे वळलीयत तिकडे बाणासारखी सुटते, आणि तिकडे माणसं असू शकतात. थांबल्यावर इंजिन बंद पडलं असेल तर घाई करू नका, इकडेतिकडे बघा, मार्शल खूण करेल, मग सावकाश निघा.

रस्ता चुकलात? वेग कमी करा आणि पुढे जात राहा, यू टर्न मारून उलटं कधीच येऊ नका. एका कोर्सवर एकाच वेळी दोन गाड्या सोडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, तुमच्या मागून कोणीतरी येत असतं.

पुढे आधीच्या गाडीने पाडलेला कोन दिसला तर लगेच पूर्ण थांबा, मार्शलला बोटाने तो कोन दाखवा, रन परत मिळतो. न थांबता फिनिशपर्यंत जाऊन मग "तो आधीच पडलेला होता" म्हणालात तर कोणी ऐकणार नाही, आणि तो मार्शल कोन उचलायला आत असता तर?

लाल झेंडा दिसला की ताबडतोब, पण गाडी हातात ठेवून, थांबायचं. हळू करणं म्हणजे थांबणं नव्हे. थांबलात की तिथेच राहा, सांगतील तेव्हा चालण्याच्या वेगाने कोर्स पूर्ण करा. झेंडा दाखवल्यामुळे वाया गेलेला रन परत मिळतो त्यामुळे "चांगला चालला होता हो" ही तक्रार करायचं कारणच नाही. आणि झेंडा बघूनही दामटणारा ड्रायव्हर बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे घरी जातो, जायलाच हवा.

आता तुमची मार्शलगिरी

बहुतेक इव्हेंटमध्ये अर्धे लोक चालवतात तेव्हा उरलेले कोर्सवर काम करतात, मग अदलाबदल. हे काम टाळून नाश्त्याला पळणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

कामावर हजेरी लावली की हातात लाल झेंडा, वॉकीटॉकी येतो आणि जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवलेला असतो. उभं राहायची जागा ठरवून दिलेली असते, ती सोडून "इथून फोटो छान येईल" म्हणून सरकू नका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सुटली की बहुधा सरळ, वळणाच्या बाहेर जाते, म्हणून लोकांना वाटतं आतली बाजू सेफ. तसं नाही. मागच्या चाकांची गाडी फिरली आणि तिचं तोंड आतल्या बाजूला वळलं तर पकड आल्या क्षणी ती आतल्या बाजूलाही सुटू शकते. मी दोन्ही बघितलंय. त्यामुळे बाजू कोणतीही असो, पळायला मागे जागा मोकळी ठेवा आणि गाडीकडे तोंड करून उभे राहा. बसू नका, बसलेल्या माणसाला उठून पळायला लागणारा वेळ गाडी देत नाही. कानात हेडफोन नाही, हातात मोबाइल नाही, आणि गाडीकडे पाठ तर कधीच नाही.

कोन पडला की पायांना आपोआप धावायचं असतं. आधी मान फिरवा! पुढची गाडी कुठे आहे ते बघा, मग पळा. पंधरा मीटर जाऊन, कोन चौकटीत नीट ठेवून परत यायला सात-आठ सेकंद जातातच, आणि ६० च्या वेगाने येणारी गाडी ६ सेकंदांत १०० मीटर आलेली असते. वेळ पुरणार नसेल तर कोन पडलेला राहू दे, झेंडा दाखवा किंवा त्या गाडीला दुसरा रन मिळेल, जगात काही बिघडत नाही. जाताना येणाऱ्या गाडीच्या दिशेने तोंड ठेवून जा आणि परत येताना रस्ता ओलांडायची सगळ्यात जवळची वाट धरा. दोघं जण असाल तर एकाने पळायचं, दुसऱ्याने फक्त येणाऱ्या गाडीकडे बघायचं, त्याने कोनाकडे बघायचंच नाही.

झेंडा कधी? माणूस कोर्सवर आहे आणि गाडी येतेय, पुढची गाडी बंद पडलीय किंवा फिरून उभी आहे, ऑइल सांडलंय, कुत्रं किंवा पोरगं आत आलंय. विचार करत बसू नका, उगाच दाखवला गेला तर एक रन वाया जातो, बस. झेंडा गुंडाळून काखेत धरणारे बघितले की माझं डोकं फिरतं, तो हातात उलगडलेला हवा.

वॉकीटॉकीवर थोडक्यात बोला, गाडीचा नंबर, किती कोन, कुठे. "चव्वेचाळीस, एक कोन, स्लॅलमचा तिसरा." (स्लॅलम म्हणजे एका रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जायचा भाग.) गप्पा नकोत, दुसरा कोणीतरी आग लागल्याचं सांगायला बटण दाबून थांबलेला असू शकतो.

आग लागलीच तर आधी ड्रायव्हर बाहेर. सिलिंडरची पिन ओढा, नळी ज्वालेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीउजवीकडे फिरवा. धूर बोनटमधून येत असेल तर बोनट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. आतल्या खटक्याने जेवढं सुटतं तेवढ्याच फटीतून मारा. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो हे डोक्यात असू द्या, आणि आवाक्याबाहेर वाटलं की लांब व्हा.

ऊन ही इथली सगळ्यात हळू येणारी भानगड. टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, पाणी तहान लागायच्या आधी. चक्कर येतेय असं वाटलं तर वॉकीटॉकीवर सांगून बदली मागा, त्या अवस्थेत तुम्ही येणारी गाडी नीट बघू शकत नाही. आकाशात वीज चमकायला लागली की मोकळ्या मैदानात हातात झेंड्याचा दांडा घेऊन उभं राहायचं नाही, आयोजक थांबवतातच, नाही थांबवलं तर विचारा.

पॅडॉकमधलं वागणं

चालण्याचा वेग. लहान मुलाचा हात हातात, कुत्रा पट्ट्याने बांधलेला. रन संपवून आलेल्या माणसाच्या अंगात अॅड्रेनालिन असतं, तो पॅडॉकमध्येही ४० ने शिरतो आणि त्याला स्वतःला ते १० वाटतं, म्हणून फिनिशनंतर एकदा स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघायची सवय लावून घ्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओट, म्हणजे ठोकळा किंवा दगड, लावा. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक स्टँडवरच, जॅकच्या भरवशावर नाही, कितीही घाई असो.

दारू शेवटची गाडी थांबून सगळे कोन गोळा होईपर्यंत नाही. ज्याचे रन संपलेत त्यालाही नाही, कारण त्याला परत कोर्सवर कामाला बोलावू शकतात. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर तेही तेच.

दंडाबद्दल वाद असेल तर कोन पडल्याचं सांगणाऱ्या मार्शलवर ओरडू नका, त्याने जे बघितलं ते सांगितलं. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याचं नाव मीटिंगमध्ये सांगितलेलं असतं, त्याच्याकडे शांतपणे जा, एकदा बोला, निर्णय आला की विषय संपला. दुसऱ्याच्या गाडीत बसून रन बघायला मिळत असेल तर जरूर बसा, पण हेल्मेट, बेल्ट तुम्हालाही तेच नियम, आणि बोलू नका, मोबाइलवर शूटिंग नाही.

निघताना

कोन गोळा करायला थांबा, वीस मिनिटं लागतात. टायरची हवा परत रोजच्या आकड्यावर आणा. चाकाचे नट परत एकदा टॉर्क रेंचने बघा, विशेषतः दिवसा चाकं बदलली असतील तर. डिकीत जॅक आणि स्टेपनी परत ठेवा, मी एकदा ती मैदानावरच विसरून सत्तर किलोमीटर आलो होतो. आणि गेटमधून बाहेर पडताना इंजिन गुरगुरवत, चाकं चिरकवत निघू नका. आजूबाजूच्या लोकांनी दिवसभर आवाज सहन केलेला असतो, त्यांच्या एका तक्रारीवर ते मैदान पुढच्या वेळी मिळत नाही, आणि एवढी मोठी, खांब नसलेली, मोकळी डांबरी जागा परत शोधायला वर्ष वर्ष जातं.